अविवाहित माणसाची भिंत

अन्सेल्मो दिमाकुलांगान याच्या घराच्या मधोमध भिंत घालायची, हे ठरवलं बेबांग मावशींनी. घर अन्सेल्मोचं, प्लायवूड अन्सेल्मोच्या पैशाचं, खिळा ठोकताना सुजलेला अंगठाही अन्सेल्मोचाच; पण ठरवलं मावशींनी. सान पाब्लोच्या त्या गल्लीत बरंच काही असंच ठरत आलेलं होतं. कोपऱ्यावर मावशींचं किराण्याचं दुकान होतं. जाळीच्या आड बसून त्या साबण, सार्डिनचे डबे आणि सल्ला देत. सल्ला फुकट होता, म्हणून त्याला गिऱ्हाईक जास्त.

"व्हिसाच्या रांगेची तारीख पुढे सरकली म्हणतोस?" मावशींनी विचारलं.

"सरकली. शिकागोहून जोसलिनचा निरोप आला. नाताळाच्या आत मुलाखतीला बोलावतील म्हणते."

"मग आता माणूस येणार बघ."

"कोण माणूस?"

"अमेरिकन वकिलातीचा. साध्या कपड्यांत येतो. खरंच एकटा राहतोस का, ते घरात शिरून बघतो. तायाबासच्या एकाचा व्हिसा शेवटच्या घटकेला गेला. एका पेल्यात दोन टूथब्रश निघाले."

"दोन्ही त्याचेच असतील."

"तो बिचारा तेच म्हणाला. एक गुलाबी होता."

अन्सेल्मो साबण न घेताच घरी आला आणि आधी न्हाणीघरात जाऊन पेला बघितला. पेल्यात तीन ब्रश होते.

आता या तीन ब्रशांचं थोडं सांगायला हवं. अन्सेल्मोच्या आईला तिच्या भावानं अमेरिकेला बोलावलं होतं. बोलावणं इतकी वर्षं वाटेत राहिलं की ते दारात पोचेपर्यंत अन्सेल्मोला एकविसावं पुरं झालं. एकवीस पुरी झालेलं मूल हे मूल नसतं, असा तिकडचा कायदा. धाकटी जोसलिन अजून मूल होती. ती आईचा हात धरून शिकागोला गेली. मूल नसलेला अन्सेल्मो विमानतळाच्या काचेबाहेर उभा राहून लहान मुलासारखा रडला. मग आईनं तिकडे पोचून त्याच्यासाठी वेगळा अर्ज केला. त्याची रांग वेगळी: वय उलटलेली, अविवाहित मुलं. यातल्या 'वय उलटलेली'साठी काही करावं लागत नाही, ते आपोआप होत राहतं. सांभाळायचं ते 'अविवाहित'. लग्न झालं की अर्ज बाद.

अन्सेल्मोनं ते प्राणपणानं सांभाळलं. रांगेत उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. आता ते कानांच्या वर, दोन्ही बाजूंना, आठवणीदाखल उरले होते. तोवर जोसलिनचे फोटो येत राहिले. तिच्या गाडीचा त्याला हेवा वाटे, गाडीमागच्या गॅरेजचा वाटे, गॅरेजला टेकवलेल्या बर्फाच्या फावड्याचाही वाटे. सान पाब्लोत बर्फ सरबताच्या पेल्यात पडतं तेवढंच, पण त्या फावड्यानं त्याच्या कितीतरी दुपारी नासवल्या. गल्लीतलं कुणी परदेशी निघालं की निरोपाच्या जेवणाला तो जाई, सगळ्यांत मोठ्यानं हसे आणि सगळ्यांत आधी उठे.

आणि अविवाहित राहता राहता त्याला एक मुलगी झाली.

रोवेना त्याच्या घरी भाडेकरू म्हणून आली होती. लग्नाचे गाऊन शिवायची, भाड्यानंही द्यायची. पुढची खोली पांढऱ्या जाळीदार कापडांनी भरून गेली आणि एकदा भरल्यावर ती खोली, ते कापड आणि रोवेना तिथून हललीच नाहीत. भाडं कधी बंद झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पण गल्लीत ती भाडेकरूच राहिली. क्लारिस झाली तेव्हा मावशी म्हणाल्या, "बापाच्या जागी तुझं नाव घालू नकोस. वकिलातीच्या नजरेस आलं तर संपलं. त्यापेक्षा तू निनोंग हो. धर्मपित्यानं पोरीला कडेवर घेतलं तर कोण हरकत घेणार?"

म्हणून बाप्तिस्म्याच्या दिवशी अन्सेल्मो आपल्याच मुलीचा धर्मपिता झाला. अंगणात 'निनोंग, तुम्ही', घरात 'बाबा, तू'. आता चौदा वर्षांच्या झालेल्या क्लारिसला याचा इतका सराव होता की उंबरठ्यावर एका वाक्यात ती दोन्ही नाती ओलांडायची. "निनोंग, तुम्ही म्हणाला होतात की," इथवर अंगण, "बाबा, तू पैसे देशील," हे घर. सगळ्या गल्लीला सगळं ठाऊक होतं. पण गल्लीला ठाऊक असणं वेगळं आणि वकिलातीला कळणं वेगळं, एवढा पोच गल्लीला होता. मावशींनी एवढंही बजावून ठेवलं होतं की शिकागोचे फोन ऐकले जातात. त्यामुळे आईला आणि जोसलिनलाही त्यानं कधी सांगितलं नाही. आई खोकी पाठवी त्यात 'तुझ्या धर्मकन्येला' म्हणून एक फ्रॉक असे, तो नेहमी अंगाला बरोबर बसे.

तर भिंत.

प्लायवूड घ्यायला अन्सेल्मो क्रिस्पुलो माग्तिबायच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. क्रिस्पुलो विधुर होता, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा; गिऱ्हाइकाला खिळे मोजून देताना दोनचार जास्तच टाकणारा. आजपर्यंत अन्सेल्मोनं ज्यांचा हेवा केला नव्हता अशा थोड्या लोकांत तो होता, कारण तो कुठेच जाणार नव्हता.

"एवढं प्लाय कशाला, अन्सेल्मोभाऊ?"

"घराचे दोन भाग करतोय. पुढचा भाडेकरूंना, मागचा मला."

क्रिस्पुलोनं टेप गुंडाळून ठेवला. "म्हणजे रोवेनाबाई... लोक काहीबाही बोलतात म्हणून विचारतो, राग मानू नका. त्या तुमच्या कोणी नाहीत?"

हे उत्तर अन्सेल्मोला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवलं तरी त्यानं दिलं असतं. "कोणी नाहीत," तो म्हणाला. "भाडेकरू आहेत. मी एकटा माणूस."

क्रिस्पुलोनं रंगाचा एक डबा उगाचच सरळ केला. मग म्हणाला, "माल मी स्वतः घेऊन येतो. तुम्हाला एकट्याला जमायचं नाही."

तो आला, मापं घेतली, अर्धी भिंत त्यानंच उभी केली. अन्सेल्मो अंगठा चोखत त्याला खिळे देत होता. रोवेनानं दोघांना कालामान्सीच्या छोट्या लिंबांचं सरबत दिलं. क्रिस्पुलोनं पेला दोन्ही हातांनी घेतला. अन्सेल्मोच्या ते लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही. माणसाचा अंगठा दुखत असला की असं होतं.

भिंत झाली आणि मग कळलं की घर भिंतीच्या विचारानं बांधलेलं नव्हतं. न्हाणीघर आणि फ्रीज रोवेनाकडे गेले, चूल आणि टीव्ही अन्सेल्मोकडे राहिले. रोवेनाच्या बाजूला पुढचं दार आणि त्याच्या तीन पायऱ्या. अन्सेल्मोच्या बाजूला केळीच्या खुंटांमधून जाणारं स्वयंपाकघराचं मागचं दार. भांडी इकडून तिकडे द्यायला त्यानं भिंतीत हातभर खिडकी ठेवली होती. ती कॅप्टन तुरिबियोंनी बघितली. तुरिबियो हे गल्लीचे निवडून आलेले कॅप्टन. दोन घरं वेगळी असल्याचा दाखला तेच देणार होते.

"ही खिडकी कशाला?" कॅप्टननी विचारलं.

"हवेला."

कॅप्टननी खिडकीतून डोकं घातलं. पलीकडे क्लारिस भाताची वाट बघत बसली होती. "अन्सेल्मो, एवढ्या खिडकीतून अख्खा संसार होतो. खिळे मार, मग दाखला घेऊन जा."

खिळे मारले. तेव्हापासून अन्सेल्मो रोज संध्याकाळी हातात गरम पातेलं आणि खांद्यावर टॉवेल घेऊन, मागच्या दारानं निघून, केळींमधून, साऱ्या गल्लीच्या समोरून, पुढच्या तीन पायऱ्या चढून भाडेकरूंना रात्रीचं जेवण पोचवी आणि आंघोळ करून परत येई. भिंत नव्हती तेव्हा हे कुणाला दिसत नव्हतं. आता लोक खुर्च्या काढून बसू लागले.

पाण्याचं कनेक्शनही वेगळं काढायला हवं होतं. अन्सेल्मो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होता, तेव्हा हे काम तरी चुटकीसरशी होईल असं त्याला वाटलं. त्याच्या हाताखालच्या कारकुनानं कागद बघितला. "घरमालकाची संमती जोडलेली नाही, साहेब."

"घरमालक मीच आहे."

"मग तुमची घेऊन या. आणि त्यावर हेडक्लार्कचा शेरा लागेल."

"हेडक्लार्कही मीच."

"हो, पण ते स्वतःच्या घराच्या प्रकरणावर शेरा मारत नाहीत. तुम्हीच गेल्या साली तसं पत्रक काढलंत." कारकून आदरानं उभा होता, हीच त्यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट.

आणि एके दिवशी तो माणूस आला. साध्या कपड्यांत, हातात चामडी पिशवी. रस्त्यावर उभा राहून त्यानं घराचा फोटो काढला. मावशींनी दुकानातून इशारा दिला आणि अख्खी गल्ली कामाला लागली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बिचारा अन्सेल्मो, किती एकटा." अन्सेल्मोनं त्याला आपल्या अर्ध्यात बसवलं. त्यानं विचारलं ते सगळं खरं खरं, म्हणजे ठरवल्याप्रमाणे, सांगितलं. लग्न? नाही. मुलंबाळं? नाहीत. सोबत कोणी? कोणी नाही. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पिशवीतून हिरवळीची चित्रं काढली. तो स्मशानभूमीतल्या जागा विकत होता. "जोडप्यांच्या सगळ्या गेल्या," तो म्हणाला, "पण तुमच्यासाठी एकट्याची एक आहे, कोपऱ्यातली, झाडाखाली." एवढं सगळं सांगून झाल्यावर नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. अन्सेल्मोनं सही केली.

इथवर सगळं नुसतं अपमानाचं होतं. अपमानाची त्याला सवय होती. पण मग गुरुवार आला आणि भिंतीपलीकडून क्रिस्पुलोचा आवाज आला.

"बिबिंका आणलीय. गरम आहे. क्लारिसला आवडते म्हणून कळलं."

प्लायवूड पातळ होतं. इतकं पातळ की बिबिंका या तांदळाच्या केकभोवतीचं केळीचं पान उलगडल्याचंही ऐकू आलं. अन्सेल्मोनं भिंतीला कान लावला नाही. त्याची गरजच नव्हती. क्रिस्पुलो बसला. नळ गळतो का, असं त्यानं विचारलं. गळत होता; पावसाळ्यापासून गळत होता, अन्सेल्मो बघतो बघतो म्हणत होता. पलीकडे पान्याचे दोन आवाज झाले आणि नळ बंद झाला. त्या शांततेसारखं कर्कश अन्सेल्मोनं काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लारिस कुंपणापाशी भेटली. "निनोंग, क्रिस्पुलोकाकांनी माझी सायकल नीट करून दिली. निनोंग, तुम्ही ऐकलंत का, ते गिटार वाजवतात."

भिंतीआधी अंगणात निनोंग होता आणि घरात बाबा. आता घरात जायचं म्हणजे पुढच्या दारानं, पाहुण्यासारखं, दार उघडं ठेवून. सगळंच अंगण झालं होतं. गेल्या कित्येक दिवसांत आपल्याला कुणी बाबा म्हटलेलं नाही, हे त्याला तिथे, कुंपणाला हात लावून उभं असताना कळलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "बरी वाजवतात."

पुढच्या गुरुवारी ती गिटार पायऱ्यांपाशी आली. क्रिस्पुलोचा आवाज फार चांगला नव्हता, पण तो घाबरून गात नव्हता.

सातव्या तळ्याकाठी लँझोनीचं झाड
फळ पिकलं गोड, परि फांदी अवघड
चांदणं पाण्यावर, वारा माडामाडांत
हाक माझी दारात, सखे, दिवा तुझा आत

शिवणयंत्र थांबलं. ते शिवणयंत्र अन्सेल्मोच्या कुठल्याही बोलण्यानं आजवर थांबलेलं नव्हतं. त्यानं उठून आपल्या टीव्हीला जोडलेलं कराओकेचं यंत्र लावलं आणि सगळ्यांत वरच्या पट्टीत एक प्रेमगीत म्हटलं. गाणं संपल्यावर यंत्रातल्या बाईनं सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा गोड आवाजात गुण सांगितले आणि पुढे म्हणाली, "प्रयत्न करत राहा."

न राहवून तो पुढच्या दाराशी गेला. रोवेना एका गाऊनच्या घेराला मणी लावत होती.

"त्या माणसाला सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"की असं रोज रोज येऊ नये. तू म्हणजे..."

"मी म्हणजे काय?" रोवेनानं सुई तोंडातून काढली. "वाक्य पुरं कर, सेल्मो. तू म्हणशील ते अक्षर न बदलता सांगते."

अन्सेल्मोनं पाहिलं, शेजारच्या खिडकीत दोन डोकी होती. नाताळाच्या आत मुलाखत होती. तो म्हणाला, "तू म्हणजे कामात असतेस."

"हो," रोवेना म्हणाली आणि पुढचा मणी ओवला. "सांगते तसं. चांगला माणूस आहे तो. काल म्हणाला, इतक्या बायकांचे गाऊन शिवलेत, स्वतःच्या मापाचा एखादा असेल ना. मला कुणी कधी हे विचारलं नव्हतं."

"मग काय म्हणालीस?"

"माप बदललं म्हटलं."

पण खरा घाव आला तो दोन रविवारांनी. क्रिस्पुलो मागच्या दारानं, टोपी हातात घेऊन, अन्सेल्मोकडेच आला.

"भाऊ, रोवेनाबाईंचे आईवडील नाहीत. मी पायरी चढायचं म्हणतोय, रीतसर. आई येईल, बोलायला कॅप्टन येतील. पण तिच्या बाजूनं कोणी वडीलधारं बसायला हवं. तुम्ही घरमालक, पोरीचे धर्मपिता. तुमच्याहून जवळचं तिला कोण आहे?"

त्या भागात मुलीला मागणी घालायला जाण्याला पायरी चढणं म्हणतात. मुलाकडचे लोक जेवण घेऊन मुलीच्या घराच्या पायऱ्या चढतात. वर तिचे वडीलधारे बसलेले असतात. त्यांनी हो म्हणायचं. आपल्या बायकोला, म्हणजे भाडेकरूला, मागणी घालायला येणाऱ्या माणसाला हो म्हणण्यासाठी अन्सेल्मोला आमंत्रण होतं. त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं, "रोवेना, ऐकलंस का?"

"ऐकलं," भिंत म्हणाली. "येऊ दे. माझ्या पायरीवर येणाऱ्याला मी उभं ठेवत नाही. आजवर कुणी आलंच नव्हतं."

रविवारी ते आले. भाजलेलं अख्खं डुक्कर, परात भरून पानसितच्या शेवया, भाताचे केक, क्रिस्पुलोची ऐंशीची आई खुर्चीसकट. कॅप्टन कडक इस्त्रीत. मावशी कुठल्याच बाजूच्या नव्हत्या, म्हणून डुकराजवळ बसल्या. अन्सेल्मो रोवेनाच्या बाजूनं, वडीलधाऱ्यांच्या खुर्चीत. तो नीट बसतो न बसतो तोच त्याचा फोन वाजला. पडद्यावर जोसलिन आणि तिच्या खांद्याआडून आई.

"दादा, आली तारीख. मुलाखतीची. पुढच्या महिन्यात. ही बघ, आई रडतेय."

खोलीतल्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. क्रिस्पुलोनं तर उठून हात मिळवला. रोवेना ताटल्या मांडत राहिली.

"तुमच्याकडे काय आहे आज?" आईनं विचारलं. कारण कळल्यावर ती म्हणाली, "भाडेकरणीला मागणी आलीय? मग मला टेबलावर ठेव. मीही बसते." क्लारिसनं फोन सरबताच्या बाटलीला टेकवून उभा केला.

कॅप्टननी घसा साफ केला. "आमच्याकडे एक घर आहे. छप्पर मजबूत, नळ एकही गळत नाही, पण चूल थंड. ऐकलं की या घरात एक निखारा आहे, तोही इतकी वर्षं राखेत. तो आम्ही ओंजळीत घेऊन जावा म्हणतो. वडीलधारे म्हणून तुमची काही हरकत, अन्सेल्मो?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. क्रिस्पुलोच्या आईनं कानामागे हात धरला. अन्सेल्मोला हो म्हणायचं होतं. तोंडही उघडलं.

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"हरकत."

"कुठल्या नात्यानं?" कॅप्टननी विचारलं. मावशी डुकराकडे बघत भराभर मान हलवून नाही नाही करत होत्या.

"क्लारिस माझी मुलगी आहे," अन्सेल्मो म्हणाला. "धर्माची नाही. माझी."

क्रिस्पुलोनं मान खाली घातली. बाकी कुणालाच धक्का बसला नाही. फोनमधून आई म्हणाली, "मला काय सांगतोस? तिचे कान तुझ्या बापाचे आहेत. मी माप कुठून आणत होते फ्रॉकचं? जोसलिन त्या त्या वयाची असताना केवढी होती, त्या अंदाजानं."

"पण दादा, लपवलंस कशाला?" जोसलिन म्हणाली. "मूल असलं तर चालतं. नुसतं लग्न नको. उलट मूल बरोबर येऊ शकतं, एकवीसच्या आत आहे तोवर. तुला कुणी सांगितलं की मूल चालत नाही?"

सगळी खोली मावशींकडे वळली. मावशींनी डुकराचा एक तुकडा उचलला आणि बराच वेळ चावला. "तेव्हा कायदा वेगळा होता," त्या म्हणाल्या.

चौदा वर्षं. अन्सेल्मोनं क्लारिसकडे पाहिलं. ती टेबलक्लॉथचा कोपरा दुमडत होती.

आई घाईनं म्हणाली, "मग झालं तर. पोरीला घेऊन ये, सेल्मो. रोवेनाला मागाहून बोलावू."

"मागाहून म्हणजे नवी रांग," मावशी म्हणाल्या, आणि या एका बाबतीत त्या बरोबर होत्या.

रोवेनानं शेवटची ताटली मांडली आणि हात पुसले. अन्सेल्मोची नजर क्रिस्पुलोवर गेली. नवा बारोंगचा सदरा, भांग पाडलेला, पडेल चेहऱ्यानंही सरळ बसलेला. त्यानं आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला होता. विमानांचा, गॅरेजचा, फावड्याचा. पण या माणसाचा हेवा काही वेगळाच होता, आणि तो कशाचा ते त्याला आत्ता दिसलं. हा माणूस कुठल्याच रांगेत नव्हता. मनात आलं, भांग पाडला, आला.

"जोसलिन," अन्सेल्मो म्हणाला, "त्यांना कळव, मी येत नाही. माझं लग्न आहे."

"कोणाशी?" रोवेनानं विचारलं.

क्रिस्पुलोची आई तेवढी हसली. तिला ऐकू आलं होतं.

"तुझ्याशीच," अन्सेल्मो म्हणाला. "म्हणजे, तू..."

"खुर्चीत बसून मागणी घालत नाहीत. पायरी चढून घालतात. तू इतकी वर्षं या घरात आहेस, सेल्मो, पण माझ्या पायऱ्या चढलास ते आंघोळीला."

अन्सेल्मो उठला. क्लारिसनं फोन उचलला आणि त्याच्यामागे निघाली. "आजीला घेते," ती म्हणाली. "तुझ्या बाजूनं कोणी नको का, बाबा?" दार उघडं होतं, गल्ली भरलेली होती, आणि तिनं ते उंबरठ्यावर न अडखळता म्हटलं.

"रिकाम्या हातानं जाणार?" आई फोनमधून म्हणाली. "तुझ्या बापानं दोन कोंबड्या आणल्या होत्या."

अन्सेल्मोनं इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा क्रिस्पुलो उठला, आपणच आणलेल्या भाताच्या केकचं ताट उचललं आणि दारात येऊन त्याच्या हातात दिलं. "धरा, भाऊ. रिकाम्या हातानं बरं दिसत नाही." एवढं कुणी कुणाला हरवू नये, असं अन्सेल्मोला वाटलं.

तो पायऱ्या उतरला, वळला आणि पुन्हा चढला. तीनच पायऱ्या, पण तिसरीवर त्याला धाप लागली. क्लारिसनं फोन उंच धरला. आई रडायची थांबली होती. स्वेटरची गळपट्टी तिनं नीट केली.

"रोवेना," आई म्हणाली, "मी लांब आहे, माझ्या हातात ताट नाही. हा माझा थोरला. एकविसाव्या वर्षी सरकारनं याला मोठा ठरवला. मला तो कधी मोठा झालेला दिसलाच नाही, काचेपलीकडे राहिला. मी त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, तिचं काय करायचं ते मी बघेन. वय उलटलंय त्याचं, केस गेलेत, नळही येत नाही दुरुस्त करता. असा आहे. तुझ्या पदरात घेतेस का, एवढं विचारायला आलेय."

जोसलिन पडद्याबाहेर गेली होती. तिचं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. अन्सेल्मो ताट धरून उभा होता.

रोवेनानं ते ताट त्याच्या हातून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत, मला पोचलं. विचार करून सांगते."

"सांगते म्हणजे?" अन्सेल्मो म्हणाला. "कधी?"

"तारीख आली की कळवीन. तुझ्याआधी एक अर्ज आलाय, तो आधी बघायला हवा. बसून घे तोवर."

बसायला बाकावर एकच जागा होती, क्रिस्पुलोशेजारची. अन्सेल्मो तिथे बसला. कॅप्टननी सुरी घेतली, रोवेना वाढायला लागली. तिनं त्याच्या ताटात भात वाढला, वर डुकराच्या खरपूस कातडीचा एक तुकडा ठेवला, आणि त्याचा अंगठा अजून सुजलाय का ते जाता जाता बघून गेली. अन्सेल्मोचा जीव जरा भांड्यात पडला. मग त्यानं हळूच शेजारच्या ताटात डोकावलं. क्रिस्पुलोचा तुकडा मोठा होता.